नुसत्या बांधांवरून शेताचे क्षेत्र निघत नाही

महोदय,

गावोगावी शेताची वाटणी किंवा एखाद्या तुकड्याचा सौदा करताना समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढून त्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करण्याची पद्धत आजही सर्रास वापरली जाते. ती चुकीची आहे आणि तिचा फटका नेहमी जमीन घेणाऱ्यालाच बसतो.

समजा, एका शेताचे चार बांध ओळीने २५, ३९, ६० आणि ५२ मीटर आहेत. सरासरीच्या हिशेबाने क्षेत्र १९३३.७५ चौरस मीटर भरते. आता समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत टेप ताणून कर्ण मोजला असता तो ६३ मीटर आला आणि उरलेल्या कोपऱ्यांपासून कर्णावर काटकोनात घेतलेली अंतरे ३६ व २० मीटर भरली, तर शेताचे दोन त्रिकोण होतात. त्यांची क्षेत्रफळे ११३४ आणि ६३०, म्हणजे एकूण १७६४ चौरस मीटर. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटरचा धरला, तर दीड गुंठ्याहून अधिक जमीन केवळ कागदावर असते आणि तिचे पैसे मात्र रोख मोजावे लागतात. आयत वगळता कोणत्याही चौकोनात ही पद्धत खऱ्यापेक्षा जास्तच उत्तर देते.

चार बांध तेच ठेवून कर्ण बदलला, तर क्षेत्रही बदलते. कर्ण किंवा लंब सांगितल्याशिवाय चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्यालाही भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच ‘लीलावती’त खडसावले आहे.

ओढ्याकाठच्या वाकड्या बाजूसाठी एक सरळ रेषा धरून तिच्यापासून काठापर्यंत ठरावीक अंतरांवर लंब मोजावेत, जिथे वळण जास्त तिथे ते जवळजवळ घ्यावेत आणि मधल्या प्रत्येक पट्टीला समलंब चौकोन मानून बेरीज करावी.

आठवीच्या गणितात अनियमित आकाराच्या जागेचे क्षेत्रफळ शिकवले जाते, पण ते बहुधा फळ्यावरच राहते. शाळांनी मुलांना टेप आणि खुंट्या देऊन शेजारच्या एखाद्या शेतात प्रत्यक्ष मोजणी करायला लावावी. खरेदीदारांनीही अधिकृत मोजणी होईपर्यंत सौद्याच्या कच्च्या नकाशावर बांधांसोबत किमान एका कर्णाची लांबी लिहून घ्यावी आणि ती स्वतः टेप धरून तपासावी.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक