नोंदणी झाली, तपासणी कधी?

संपादक महोदय,

माझी सारी नोकरी महापालिका रुग्णालयाच्या बालरोग विभागात परिचारिका म्हणून झाली. आता नातवाला नर्सरीतून आणायचे काम माझ्याकडे असते. शाळेची रीतसर नोंदणी झाली आहे, प्रमाणपत्र फ्रेम करून दारातच लावले आहे. परवा नातवाला शू लागली म्हणून त्याला बाथरूममध्ये घेऊन गेले. बेसिनखाली, तीन वर्षांच्या मुलाचा हात सहज पोहोचेल अशा जागी, कोल्ड्रिंकच्या बाटलीत काळे फिनेल भरून ठेवले होते. वरचे लेबल तसेच, रंगही कोलाचाच आणि झाकण सैल.

मदतनीस ताईंना विचारले, एखाद्या पोराने हे तोंडाला लावले तर काय कराल? "मिठाचं पाणी पाजून उलटी काढू," त्या म्हणाल्या. त्यांना मी बोल लावत नाही, त्यांना कोणी शिकवलेलेच नाही. पण फिनेल, ॲसिड, रॉकेल पोटात गेल्यावर उलटी मुळीच करवायची नसते. ॲसिडसारखा पदार्थ वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजतो, रॉकेल फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो. मूल आणि बाटली दोन्ही घेऊन तडक रुग्णालय गाठायचे. वॉर्डात आम्ही आईबापांना हे घसा कोरडा होईस्तोवर सांगायचो.

मुख्याध्यापिकांच्या कानावर घातले, तेव्हा बाटली दुसऱ्या दिवशी हलली. मागच्या दाराचे कुलूप मात्र अजून लागलेलेच असते आणि किल्ली ऑफिसात. आग लागली तर तीसेक चिमुरडी एकाच अरुंद दारातून बाहेर काढायची!

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत 20 मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असावी असे म्हटले आहे. इथे दोन वर्गांत मिळून एकच ताई. ती एकाची शी धुवायला गेली की बाकीच्यांकडे कोण बघणार? हाताला-तोंडाला फोड आलेले मूल सकाळी दारातच ओळखून घरी पाठवायलाही कोणी मोकळे नसते, मग आठवड्याभरात निम्मा वर्ग आजारी पडतो.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, त्यानंतर सगळीकडे सीसीटीव्हीचा आग्रह धरला गेला. कॅमेरे हवेतच. पण बाथरूममध्ये कॅमेरा लावता येत नाही. तिथे मुलांसोबत भरवशाची बाईच लागते, आणि ती दुसऱ्या वर्गात अडकलेली असून चालत नाही.

शासनाने खासगी पूर्व-प्राथमिक शाळांची ऑनलाइन नोंदणी सुरू केली, हे चांगलेच झाले. पण शाळेने स्वतः भरलेल्या माहितीवर किती विसंबायचे? महापालिकेच्या आरोग्य निरीक्षकाने आणि अग्निशमन दलाच्या माणसाने वर्षातून निदान दोनदा न कळवता यावे, बाथरूम आणि मागचे दार आधी बघावे आणि काय आढळले ते तारखेसह त्या प्रमाणपत्राशेजारीच लावावे. मदतनीसांना प्रथमोपचार शिकवायचे असतील तर आमच्यासारख्या निवृत्त परिचारिका विनामूल्य यायला तयार आहेत. महापालिकेने फक्त बोलवावे.

– एक निवृत्त परिचारिका, डोंबिवली (पूर्व)