प्लाझ्मा मशीनवर व्होल्टेजचा रेशो छापून द्या

संपादक साहेब, नमस्कार.

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मध्ये आम्ही प्लाझ्मा कटर (विजेच्या आर्कने धातू कापणारं मशीन) सीएनसी टेबलला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग टेबलला, जोडून घेतला आणि पहिल्याच दिवशी ६ एमएमची प्लेट कापताना टॉर्च, म्हणजे कटरचं कापणारं तोंड, थेट प्लेटवर जाऊन घासला, नोझल गेलं, शील्ड गेलं, जॉब पण वाया. ज्याने मशीन विकलं तो म्हणतो तुमच्या ऑपरेटरची चूक. पोरगं एवढं घाबरलं की टेबलला हात लावेना.

चूक त्याची नव्हतीच. कापताना आर्कचं, म्हणजे टॉर्च आणि प्लेटमधल्या विजेच्या ज्वाळेचं, व्होल्टेज साधारण १०० ते १५० असतं, टॉर्च प्लेटपासून लांब गेला की ते वाढतं, जवळ आला की कमी होतं, आणि त्यावरूनच टेबलचा हाइट कंट्रोल टॉर्च वरखाली करतो. पण एवढं व्होल्टेज कंट्रोलरला सरळ देत नाहीत, मशीनमध्येच ते भागून बारीक करून देतात, कुठे २०:१ (म्हणजे २० व्होल्टचा १ व्होल्ट), कुठे ५०:१. आमचं मशीन २०:१ वर होतं आणि कंट्रोलरमध्ये ५०:१ भरलेलं. म्हणजे आर्क १२० व्होल्टचा, बाहेर आले ६ व्होल्ट, कंट्रोलरने त्याला ५० ने गुणलं आणि धरले ३००! त्याला वाटलं टॉर्च फारच वर आहे, म्हणून तो खाली दाबतच गेला. हे शेजारच्या वर्कशॉपमधल्या इलेक्ट्रिशियनने इंग्रजी मॅन्युअलमधला स्विचचा तक्ता बघून शोधलं, विकणाऱ्याने नाही.

त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे स्वस्तातल्या बऱ्याच मशीनला सीएनसीचा पोर्टच नसतो. मग लोक झाकण उघडून आउटपुटवरूनच दोन वायर काढतात. आर्क लागायच्या आधी तिथे २५०-३०० व्होल्ट डीसी असू शकतं, माणूस जाऊ शकतो हो त्याने, आणि मेन स्विच बंद केला तरी आतले कपॅसिटर काही वेळ चार्ज असतात हे कितीजणांना माहीत आहे? त्यात मशीन एचएफ स्टार्टचं (हाय फ्रिक्वेन्सीच्या झटक्याने आर्क पेटवणारं) असेल तर तो झटका त्याच वायरीतून कंट्रोलरमध्ये शिरतो आणि कार्ड उडतं. अशा मशीनला नीट इन्सुलेशन असलेला डिव्हायडर (व्होल्टेज भागून कमी करणारं सर्किट) लावलाच पाहिजे, आणि तो जाणकार माणसानेच लावावा.

माझं म्हणणं एवढंच की मशीनच्या मागे मराठीत एक स्टिकर लावा, कुठल्या स्विचला कुठला रेशो, कुठल्या पिनवर भागलेलं व्होल्टेज आणि कुठे पूर्ण. आयटीआयमध्ये वेल्डिंगच्या पोरांना मल्टिमीटर हातात देऊन हे एकदा तरी करून दाखवा. इथे हे काम करणारी बहुतेक पोरं मराठी माध्यमातली आहेत, ती शिकायला तयार आहेत, त्यांना वाचायला काहीतरी द्या तरी.

आम्ही स्विच बदलून ५०:१ केलं, टेबल आता नीट चालतंय. त्याच पोराने मशीनच्या मागे मार्करने मोठ्या अक्षरात ५०:१ लिहून ठेवलंय. तेवढं कंपनीने छापून द्यायला काय हरकत आहे?

– एक वर्कशॉपवाला, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर