साहेबच उमेदवार आहेत, तेव्हा लिफाफ्यांकडे बघा

मा. सचिव, पेनसिल्व्हेनिया राज्य,
हॅरिसबर्ग

स. न. वि. वि.

गव्हर्नर जॉश शापिरो २०२६ मध्ये पुन्हा उभे आहेत. या राज्यात निवडणुकांचं काम पाहणारा सचिव निवडून येत नाही, त्याला गव्हर्नर नेमतो. आपल्या हेतूबद्दल शंका नाही. पण टपाली मतं बाद झाली की बोट आपल्याकडेच वळणार.

मतपत्रिका आधी आतल्या बिननावी लिफाफ्यात, मग सही-तारखेच्या बाहेरच्या लिफाफ्यात जाते. आतला लिफाफा राहिला तर मत बाद, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं. आतल्यावर हौसेने नाव लिहिलं तरी बाद. २०२४ मध्ये बटलर काउंटीच्या (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) खटल्यात वाट मिळाली: अशा मतदाराने केंद्रावर जाऊन प्रोव्हिजनल (तात्पुरती, तपासणीनंतर मोजायची) मतपत्रिका भरली, तर ती मोजावी लागते. पण तिच्या पाकिटावर दोन सह्या लागतात, मत देण्याआधी एक आणि नंतर एक. दुसरी हमखास राहते, आणि हेही मत जातं. ज्यांचं टपाली मत बाद होतंय, त्यांना आपल्याकडून जाणाऱ्या ईमेलमध्ये ‘केंद्रावर जा, प्रोव्हिजनल मागा, दोनदा सही करा’ एवढंच ठळक असू द्या. कायद्याची कलमं खाली टाका.

मराठी घरांत वेगळीच अडचण. नवरा कामावर जाता जाता दोघांचे लिफाफे टपाली मतांसाठी ठेवलेल्या पेटीत टाकतो. बायकोचा लिफाफा टाकायला ती अपंग असल्याचा सही केलेला फॉर्म लागतो, हे कुणी सांगितलेलंच नसतं. पेटीवर चित्रासकट लिहा. मतपत्रिका मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत पोहोचायला हवी, टपालाचा शिक्का चालत नाही, हेही तिथेच.

त्या दिवशी सकाळी ७ आधी लिफाफे उघडता येत नाहीत. ते बदलणं विधिमंडळाच्या हाती, त्याबद्दल आपल्याला दोष नाही. मात्र २०२२ च्या कायद्याने निवडणुकीसाठी राज्याचं अनुदान घेणाऱ्या काउंटींना आलेल्या टपाली मतांचा आकडा मध्यरात्रीनंतर लगेच जाहीर करावा लागतो. ते आकडे एकाच पानावर आणा, शेजारी ‘मोजायची बाकी’ हा रकाना ठेवा आणि तासातासाला भरा. रात्रीतून आघाडी हलली तर का हलली, हे तिथेच दिसेल.

गव्हर्नरची लढत एकतर्फी झाली तरी त्याच मतपत्रिकेवर बाकीच्या जागा असतात. २०२२ मध्ये मॉन्टगोमेरी काउंटीतली एक जागा शंभरपेक्षा कमी मतांनी ठरली आणि राज्याच्या प्रतिनिधीगृहाचं बहुमत तिच्यावर फिरलं.

पेट्यांवरचा मजकूर टपाली मतपत्रिका रवाना होण्याआधी लागावा, ही विनंती.

आपले,
टपाली मतदारांना मदत करणारे मराठी स्वयंसेवक