महाविद्यालयातील समुपदेशकाची पात्रता कोण तपासणार? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एक कोरडवाहू शेतकरी. माझी मुलगी तालुक्याच्या महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि विद्यापीठाच्या कबड्डी संघात चढाईपटू होती. गेल्या आठवड्यात संघाच्या यादीतून तिचे नाव कापण्यात आले. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया होऊन ती पुन्हा मैदानात उतरली होती. परंतु चढाईला जाताना तिची छाती धडधडे, रात्रभर डोळा लागत नसे आणि जेवणावरची वासनाच उडाली होती. म्हणून महाविद्यालयाने तिला आपल्या समुपदेशन कक्षात पाठविले.

हा कक्ष म्हणजे क्रीडा साहित्याची खोली. व्हॉलीबॉलच्या जाळ्या कोपऱ्यात सारून तेथे प्लास्टिकच्या दोन खुर्च्या मांडल्या आहेत. दारावरची पाटी महाविद्यालयाचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायच्या वेळी रंगवलेली. तेथे बसणाऱ्या गृहस्थांनी तिला सकारात्मक विचार करण्यास सांगितले आणि तिने विश्वासाने सांगितलेले सारे त्याच संध्याकाळी प्रशिक्षकांच्या कानावर घातले. "पोरगी मनाने कच्ची आहे," असे म्हणून प्रशिक्षक मोकळे झाले. मी जाऊन त्या गृहस्थांचा नोंदणी क्रमांक विचारला, तेव्हा त्यांनी भिंतीवरील चौकटीकडे बोट दाखविले. ते दोन दिवसांच्या कार्यशाळेचे सहभाग प्रमाणपत्र होते. आमच्याकडे बैलाला सुई टोचणाऱ्यालाही आधी विचारतात, बाबा, तू शिकलास कुठे?

कायदा नाही, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 नुसार क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले शिक्षण किंवा रुग्णांसोबतच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासह दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. लागतो. उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्याच अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्यास सांगितले. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने तर 2016 मध्येच लिहून ठेवले की, खेळाडूंच्या मानसिक आजाराचे निदान व उपचार परवानाधारक व्यावसायिकांनीच करावेत. आपल्या जिल्ह्यातील दहा महाविद्यालयांची नावे चिठ्ठ्या टाकून काढावीत आणि त्यांपैकी निम्म्या ठिकाणी तरी असा पात्र माणूस दाखवावा; मी हे पत्र जाहीरपणे मागे घेईन.

पात्रता तपासणे आपल्या व्यवस्थेला जमत नाही असेही नाही. आमच्या भागात शेतकऱ्याने जीव दिला की, तो मदतीला पात्र की अपात्र हे ठरविण्यासाठी जिल्ह्यात समिती बसते. सातबारा, कर्जाचा दाखला, पंचनामा सारे बारकाईने पाहिले जाते, आणि मग कुठे एक लाख रुपयांचा विचार होतो. मेलेल्या माणसाची पात्रता इतक्या काटेकोरपणे तपासणारे सरकार जिवंत पोरांच्या मनाला हात घालणाऱ्याची पदवी का विचारत नाही? हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरापर्यंत येता. तेथून आमचा तालुका काही परदेशात नाही, एसटीने दुपारपर्यंत पोहोचता येते.

मागणे फार नाही. प्रत्येक महाविद्यालयाने समुपदेशकाचे शिक्षण व नोंदणी सूचना फलकावर लावावी. खेळाडूने सांगितलेली गोष्ट त्याच्या लेखी संमतीशिवाय प्रशिक्षकापर्यंत जाऊ नये. पात्र माणूस मिळत नसेल, तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागातून आठवड्यातील एक दिवस तालुक्याला द्यावा आणि तोवर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मैदानावर मोठ्या अक्षरांत लिहावा. माझ्या मुलीची निवड तिच्या खेळावरून नव्याने व्हावी.

"आपले निवेदन आवश्यक कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे," असे छापील उत्तर मात्र कृपया पाठवू नये. संबंधित विभागाने मला आधीच आपल्याकडे वर्ग केले आहे.

आपला,
एका कबड्डीपटूचा बाप
जि. यवतमाळ