कुंपणाचं एकदाचं ठरलं

ती. आई-बाबांना सा. न.

आई, घराला पुढून कुंपणच नाही, पोर रस्त्यावर पळेल म्हणून तू फोनवर किती बोललीस. अगं इथे मेलबर्नजवळ वेरिबीत बऱ्याच घरांना पुढे नसतंच, आणि ती खेळते मागच्या अंगणात. मागचं मात्र वाऱ्याने पार कललंय, खांब कुजलेत, तेच आता नवीन घालतोय.

बाबा, तुम्ही म्हणाल सरळ दगडी गडगा घाला. चिरा कुठला इथे, आणि विटांची भिंत परवडत नाही. त्यात माती आपल्यासारखी तांबडी नाही, घाटावर असते तशी काळी चिकण, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंतीला तडे जायचे.

आता इथली तऱ्हा नीट सांगते. दोन घरांमधलं कुंपण दोघांचं, खर्च अर्धा-अर्धा. म्हणजे मनात आलं नि घातलं असं नाही, आधी शेजाऱ्याला लेखी नोटीस द्यायची, कुठून कुठपर्यंत, किती उंच, कशाचं, किती खर्च, सगळं त्यात. 30 दिवसांत जमलं नाही तर कोर्टात जाता येतं, आमच्या व्हिक्टोरिया राज्यात 1968 चा कायदाच आहे. आणि अर्धे फक्त साध्या, पुरेल एवढ्या कुंपणाचे, एकाला भारीतलं हवं तर वरचे त्याने भरायचे. नोटीस म्हटल्यावर तुम्हाला काकांबरोबरची हद्दीची केस आठवली असणार, पण तसं काही नाही हो. शेजारचे इटालियन आजोबा, एरवी कधी चहाला म्हणून आले नाहीत, कागद हातात घेऊन हसतच दारात, म्हणे पैसे देतो पण लाकडीच घालू.

आम्हाला कलरबॉन्ड हवं होतं, म्हणजे रंगवलेला पत्रा, वाळवी नाही की कुजणं नाही. पण जानेवारीत पारा चाळीसच्या वर गेला की पत्रा जाम तापतो आणि मला तिथे दोडका, पडवळ चढवायचाय. म्हणून ट्रीटेड पाइनच्या, म्हणजे कुजू नये म्हणून औषध मारलेल्या लाकडाच्या पट्ट्या, सहा फूट. ह्यांना मेरबाऊ लाकूड आवडलं होतं, भाव ऐकून गप्प बसले.

बाबा, पावसात पडलेला गडगा अजून तसाच आहे म्हणे, दादा म्हणाला काट्यांची वई करून भागवलंय तरी गुरं शिरतात. मला का नाही सांगितलंत? चाळीस हजार पाठवलेत, परत पाठवू नका, आजोबा अर्धे देतायत त्यातलेच समजा. कर्ज आहे पण भागतंय, खरंच.

चिपळूणच्या स्थळाचा होकार ऐकून मी नाचले. फक्त मुहूर्त मे मध्येच धरणार का? तेव्हा इथे शाळेला सुट्टी नसते. डिसेंबरच्या शेवटी एखादा निघाला तर सगळे येऊ, नाहीतर मी एकटी चार दिवस येते, करवली मीच आहे. पण माझ्यामुळे अडवून ठेवू नका त्यांना. आणि आई, आजीच्या पाटल्या माझ्यासाठी ठेवल्यायस त्या सुनेला घाल, मी इथे कुठे मिरवणार. भटजींना विचारून फोन करा, तुमच्या संध्याकाळी पाचच्या आत, नंतर आम्ही झोपतो.

तुमची,
ताई