काळू नदीकाठच्या मामांना

प्रिय मामा,

हे पत्र तुमची लेक तुम्हाला वाचून दाखवेल. तिला म्हणावं, सावकाश वाच, मधलं काही गाळू नकोस. फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून भातकापणीचं बोलायला लागलात. म्हणून आता लिहूनच मानते, आणि चारचौघांत मानते. ठाणे, कल्याण, नवी मुंबईहून नदीवर सुट्टी घालवायला निघणाऱ्यांच्याही हे कानावर पडायला हवं.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही माझ्या बाबांच्या हातात पुन्हा गळ दिलात. तो हात त्यांनी स्वतः सोडून दिला होता.

बाबांबद्दल तुम्हाला थोडंच माहीत आहे, कारण ते स्वतः बोलत नाहीत. आमचं गाव नवी मुंबईत, ठाणे खाडीच्या काठाला. बाबांचं अर्धं आयुष्य त्या खाडीत गेलं. उधाण कधी, भांगाची लहान भरती कधी, बोईट मासा कुठल्या वळणाला लागतो, पावसाळ्यात चिवणी कुठे भरते, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पुढे कारखान्यांचं पाणी आलं, गाळ वाढला, जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त यायला लागलं. 2015 मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये तिला रामसरचा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पक्ष्यांसाठी बाबांना बरंच वाटलं. पण त्यांची होडी तोवर कधीच विकली गेली होती. त्यानंतर लकवा आला आणि उजवा हात अधू झाला. डॉक्टर सांगायचे, हाताला काम द्या. बाबा रबरी चेंडू दोनदा दाबायचे आणि खिडकीत ठेवून द्यायचे.

पहिल्यांदा मी तुम्हाला फोन केला तो जूनमध्ये. पहिला पाऊस पडला होता आणि आत्याकडून कळलं होतं की वलगण सुरू झाली, मासे ओढ्यातून शेतात चढताहेत. बाबांना घेऊन येते म्हटलं. तुम्ही सरळ नाही म्हणालात. "आत्ता माशाच्या पोटात अंडी. आम्ही घरच्या कालवणापुरते धरतो, पण पाव्हण्यांना बोलवून धरायचे हे दिवस नव्हेत. आणि नदीचा भरवसा नाही. वर डोंगरात पडला की इथे ऊन असतानाही पाणी येतं." हे मी बाबांना सांगितलं तेव्हा कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, माणूस खरा आहे. समुद्रातली यंत्रावरच्या होड्यांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै सरकार बंद ठेवतं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी ओढून ठेवत आलाय. तुमचा नियम बाबांना आपल्या घरचाच वाटला. तुम्ही त्या दिवशी हो म्हणाला असतात तर ते आले असते की नाही, मला शंका आहे.

नदीवर पाऊल ठेवल्या ठेवल्या बाबांनी विचारलं, इथे पाणी कधी भरतं? दुसरा कोणी हसला असता. तुम्ही त्यांच्या शेजारी दगडावर बसलात आणि नदीचं वेळापत्रक सांगितलंत. इथे भरती नाही, इथे ऊन आणि सावली. सकाळी ऊन डोहावर येईपर्यंत आणि संध्याकाळी ते उतरल्यावर. उन्हाकडे पाठ करून बसायचं नाही, आपली सावली पाण्यावर पडते. वाहत्या पाण्यात आणि डोहात जिथे हद्द पडते तिथे आमिष सोडायचं, खायला मासा तिथेच येतो. मग पाणी कुठे जातं ते बोटाने दाखवलंत. काळू पुढे भातसा घेते, कल्याणजवळ उल्हासला मिळते आणि उल्हासचा एक फाटा ठाण्याकडे खाडीत. बाबा म्हणाले, म्हणजे तुमचंच पाणी आमच्याकडे येतं. त्यानंतर तुम्ही दोघं तासभर बोलत होतात. मी आणि माझा मुलगा फक्त ऐकत होतो.

माझ्या मुलाला तुम्ही कुठलंही खेळणं दिल्यासारखं केलं नाहीत. गोठ्यामागच्या ओल्या मातीतून गांडुळं त्यालाच काढायला लावलीत, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बांधायला शिकवलंत, बोटभर मासा लागला की आधी हात ओले करून मग तो धरायचा आणि पाण्यातच सोडायचा हे सांगितलंत. कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि सोडलेला मासाही मरतो, हे त्याने शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलंय. मरळ माशाचंही सांगितलं असणार. पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला तर तिथे गळ टाकायचा नाही, कारण खाली आईबाप राखण करत असतात आणि ते गेले की पिल्लं दुसऱ्यांच्या तोंडी जातात.

आणि तो शिंगाडा मासा. तिसऱ्या प्रहरी बाबांच्या गळाला लागला, चांगला मनगटाएवढा. तुम्ही काढायला पुढे झालात, पण बाबांचं लक्षच नव्हतं. डाव्या हाताने त्यांनी तो बरोब्बर धरला, दोन्ही बाजूंचे काटे बोटांच्या बेचक्यात आणि पाठीवरचा तळहाताच्या पुढे. खाडीतल्या शिंगाळ्याने शिकवलेली पकड. गळ मात्र त्यांनी उजव्या हाताने सोडवला. वेळ लागला. तुम्ही मधे हात घातला नाहीत आणि मला डोळ्यांनी थांबवलंत. मामा, घरी आम्ही सगळे त्यांच्या हातातला पेलासुद्धा काढून घेत होतो.

संध्याकाळी मामींनी ते कालवण चुलीवर केलं, वर तांदळाच्या भाकरी. त्याबद्दल मामींना वेगळं लिहिणार आहे.

तुम्हाला चिडलेलं मी एकदाच पाहिलं. वरच्या डोहात कोणी ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारतात त्याबद्दल बोलताना. एका दिवसात झिंगे, खेकडे, पिल्लं, बेडूक सगळं पांढरं होऊन वर येतं, आणि मग त्या डोहात गळ टाकण्यात अर्थ उरत नाही. तेच पाणी खालची गुरं पितात. मच्छरदाणी लावून ओढा गाळणाऱ्यांचंही तुम्ही बोललात. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी शनिवारी-रविवारी असल्या पार्टीला जात असेल तर त्याने जाऊ नये, एवढं माझ्यातर्फे. तुमच्या गावाचं नाव मी म्हणूनच लिहिलेलं नाही.

पैशांचं मात्र लिहितेच. तुम्ही घेतले नाहीत, आणि दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची तयारी चालू असताना आमच्यासाठी दिवस काढलेत. घरात उचल घेऊन झालेली, सामान बांधलेलं, तरी तुम्ही पहाटे पहाटे नदीवर हजर. शहरात पोहायला शिकवणारा फी घेतो, गड दाखवणारा घेतो, आणि घ्यावीच. कातकरी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली नदीची माहिती फुकटची समजायचा आपल्याला काय अधिकार? पुढच्या वेळी तुम्हाला घ्यावेच लागतील. बाबांचंही हेच म्हणणं आहे, आणि त्यांच्याशी वाद घालून तुम्ही जिंकाल असं मला वाटत नाही.

निघताना तुम्ही एवढंच विचारलं होतंत की खाडीतले लोक पागेला, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याला, शिसं कसं बांधतात. ते बाबांनी मनावर घेतलंय. माळ्यावरून विणायची सुई आणि बांबूची पट्टी काढली, आणि रोज सकाळी खिडकीशी बसून तुमच्यासाठी पाग विणायला घेतली आहे. उजवा हात गाठीपाशी अडतो, मग डावा मदतीला येतो, नातू दोरा ताणून धरतो. चेंडू कुठे गेला कोणालाच माहीत नाही. आस, म्हणजे जाळ्याचं भोक, तुम्ही सांगितलात तेवढाच मोठा धरलाय, म्हणजे लहान मासा निघून जाईल. शिसं ते तुमच्यासमोरच बांधणार म्हणतात, लांबून सांगून कळत नाही. तेव्हा भट्टीवरून परतलात की कळवा. पावसाच्या आधी बाबांना घेऊन येते. गळ आणणार नाही, पाग तेवढी आणू.

तुमची,
घणसोलीची भाची