ॲप्टामर निवडताना खानदेशचा उन्हाळाही धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोगनिदानात प्रतिपिंडांऐवजी डीएनएचे ॲप्टामर (ठरावीक लक्ष्याला, म्हणजे रोगाच्या प्रथिनासारख्या रेणूला, घट्ट धरणारे छोटे धागे) वापरले की फ्रीजची कटकट मिटेल, असं सर्रास बोललं जातं. यातलं अर्धंच खरं आहे. वाळवलेला डीएनए उष्णतेने सहसा बिघडत नाही. पण तो लक्ष्याला धरतो ते विशिष्ट घडी बसल्यावर, आणि ती घडी तापमान, क्षार आणि मॅग्नेशियमवर ठरते. २५ अंशाला निवडलेला रेणू धडगाव-अक्कलकुव्याच्या उपकेंद्रात वैशाखात ४२ अंशाला उलगडला, तर रोग असूनही तपासणी कोरी येईल.

असंख्य डीएनए रेणूंतून ॲप्टामर निवडण्याची सेलेक्स पद्धत १९९० पासूनची. प्रत्येक रेणूत मधे क्रम न ठरलेली ४० अक्षरं (डीएनएचे घटक), दोन्ही टोकांना प्रायमरसाठी (प्रती काढायला सुरुवात करून देणारे छोटे तुकडे) वीस-वीस ठरलेली. असे एक नॅनोमोल रेणू घेतले तरी ते सहाशे लाख कोटी भरतात. ९५ अंशाला पाच मिनिटं तापवून थंड करायचे, आधी नुसत्या सूक्ष्म मण्यांवरून फिरवून मण्यांनाच चिकटणारे काढायचे, मग लक्ष्य असलेलं प्रथिन लावलेल्या मण्यांवरून फिरवायचे. धुवायचं, चिकटलेले सोडवायचे, पीसीआरने (डीएनएच्या प्रती काढण्याची पद्धत) वाढवायचे, एकेरी धागा वेगळा करायचा. अशा आठ ते पंधरा फेऱ्या. दर वेळी प्रथिन कमी, धुणं जास्त.

घात होतो पीसीआरमध्ये. चक्रं जास्त झाली की प्रायमर कमी पडतात, रेणू एकमेकांनाच जुळतात आणि रेणू लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर ८० अक्षरांच्या पट्ट्याच्या वर धूसर ओघळ दिसतो. तो माल पुढे नेऊच नये. आधी थोड्या मिश्रणावर ८, १०, १२, १४ चक्रं करून पाहावीत, पट्टा स्वच्छ असेल तिथे थांबावं. हिस्टिडीनची शेपटी (निकेलला चिकटावी म्हणून जोडलेला तुकडा) असलेलं प्रथिन निकेलच्या मण्यांवर लावलं, तर शेवटी निकेललाच चिकटणारे हाती येतात. म्हणून वेगवेगळ्या प्रकारचे मणी आलटूनपालटून वापरावेत.

ॲप्टामर औषध म्हणून वापरायची वाट आणखी अवघड. रक्तातली विकरं साधा ॲप्टामर तोडतात, उरलेला मूत्रपिंडातून निघून जातो. अमेरिकेत २००४ आणि २०२३ मध्ये मान्यता मिळालेली दोन्ही औषधं डोळ्यातच टोचायची आहेत, ती उगाच नव्हे.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात क्षयाच्या निदानासाठी असे किट आणायचे असतील, तर निवडीच्या शेवटच्या तीन-चार फेऱ्या ४० अंशाच्या पुढे आणि बफरऐवजी (प्रयोगशाळेतलं क्षारांचं द्रावण) निरोगी माणसाच्या थुंकीत लक्ष्य-प्रथिन मिसळून व्हाव्यात. किट खरेदी करणाऱ्यांनीही पकड ४२ अंशाला, थुंकीत मोजलेली दाखवा, अशी अट निविदेतच घालावी.

आपला,
जैवतंत्रज्ञानाचा एक अध्यापक, जळगाव